जुनी एस्टीम: सस्पेन्शन कडक करायचंय, पण उंची कंपनीचीच हवी

बालिंगा_पूल

मंडळी, गाडी मारुती एस्टीम, २००३ ची, एमएच ०९ पासिंग. शोरूममधून आली तेव्हापासून घरातच आहे. पंधरा वर्षांनंतरचं रीपासिंग झालंय, इंजिनाबद्दल तक्रार नाही, एसीसुद्धा अजून गार करतो. दुखणं एकच: गाडी डुलते. गगनबावड्याला जाताना कळे सोडल्यावर वळणं लागली की आधी एका कुशीवर झोपते आणि मग वळते. हायवेला कागलकडं जाताना पुलाच्या जोडावर मागची बाजू वर, खाली, पुन्हा वर.

कडक करायचीय, पण बुटकी करायची नाही. गाव राधानगरी तालुक्यात आहे. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पडतात आणि मधे जो उंचवटा राहतो, तो आत्ताच चार माणसं बसली की तळाला घासतो. शिवाय गल्लीगल्लीत ज्याच्या त्याच्या हिशेबाचे स्पीड ब्रेकर.

विचारावं तिथं वेगळं उत्तर मिळतंय. ॲक्सेसरीवाला म्हणतो लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग, मागवा. एक मिस्त्री म्हणतो अर्धा वेढा कापतो, आपोआप कडक होईल. दुसऱ्यानं वेढ्यांच्या मधे अडकवायचे रबरी बफर दाखवले. उंची तीच ठेवून कडकपणा वाढतो का, आणि वाढत असेल तर कशानं?

राजारामपुरी_नववी_गल्ली

काप भावा अर्धा वेढा. पोरं वळून वळून बघतील. नाद खुळा.

शिरोली_भट्टी

नववी गल्ली, कुणीतरी खरंच कापेल म्हणून आधी तेवढंच लिहितो.

कापल्यावर स्प्रिंग कडक होते हे खोटं नाही. काम करणारे वेढे जितके कमी, तितकी स्प्रिंग कडक. सहा वेढे काम करत असतील आणि अर्धा गेला, तर ९ टक्के वाढ. पण त्या ९ टक्क्यांपायी अर्ध्या वेढ्याची सगळी उंची जाते, आणि कडकपणामुळं त्यातली थोडीच परत मिळते. शिवाय शेवटचा वेढा वाटीत (स्प्रिंगच्या बैठकीत) बसेल असा वळवलेला असतो, तो गेल्यावर कापलेलं टोक एका बिंदूवर टेकतं. चाक खड्ड्यात लोंबकळलं की स्प्रिंग वाटीत सैल पडते. गॅस कटरनं कापली असेल तर त्या भागाचं टेंपरिंगही (उष्णता देऊन आणलेला चिवटपणा) गेलं. गॅसनं तापवून स्प्रिंग 'बसवणारे' अजून आहेत, त्यांच्यापासून तर गाडी लांबच ठेवा.

आता मूळ प्रश्न. उंची आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फक्त एकाच लोखंडात कोंबलेल्या. कडकपणा ठरतो तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर. त्यात तारेची जाडी चौथ्या घातानं येते. ११ मिमीची तार ११.५ केली तर कडकपणा सुमारे १९ टक्के वाढतो. अर्ध्या मिलिमीटरला! उंची मात्र ठरते स्प्रिंगच्या मोकळ्या लांबीवर, म्हणजे गाडीखाली नसताना ती जितकी लांब असते त्यावर.

उदाहरणाचे आकडे घेतो, एस्टीमचे कंपनीचे नव्हेत. पुढच्या एका कोपऱ्यावर २५० किलो भार, स्प्रिंग २ किलो प्रति मिमी, म्हणजे दर मिलिमीटर दाबायला २ किलो लागणारी. ती १२५ मिमी दबून उभी राहते. त्याच मोकळ्या लांबीची २.६ ची स्प्रिंग घातली तर दबते फक्त ९६ मिमी. म्हणजे गाडी २९ मिमी वर उचलली जाते. मूळ उंची हवी असेल तर नवी स्प्रिंग मोकळ्या लांबीत २९ मिमी आखूड हवी. लोअरिंग स्प्रिंगमध्ये हेच करतात, फक्त याहून जास्त आखूड करतात. म्हणून उत्तर हो. उंची राखून कडकपणा वाढतो, मात्र त्यासाठी स्प्रिंग त्या हिशेबानं बनवलेली लागते.

रबरी बफरचा उलटा प्रकार आहे. तो मधले वेढे जाम करतो, त्यानं कडकपणा वाढतो, गाडी थोडी वर येते आणि शेजारच्या वेढ्यांवर जादा ताण पडतो. मागं नेहमी ओझं असणाऱ्याला एकवेळ चालेल. वळणासाठी त्याचा उपयोग नाही.

उद्यमनगर_फिटर

बालिंगा, तुमी पोस्टमधी एक गोष्ट लिवलीच न्हाई. शॉकप (शॉक ॲब्सॉर्बर) शेवटचं कधी बदललं? बुश, म्हंजी सांद्यातलं रबर? शॉकपचं वरचं मौंटिंग? २००३ ची गाडी म्हंजी रबर समदं मेलं असणार. लोक म्हणत्यात कंपनीनं मऊ गाडी दिली. न्हाई ओ. कंपनीनं दिली तवा ती अशी न्हवतीच. आदी हाय ती नीट करा, मग पुडचं बोला.

बघायचं कसं ते सांगतो. बॉनेट उगडा, एकाला स्टेअरिंग फिरवाय लावा आनि मौंटिंगवर हात ठेवा. स्प्रिंग टण्‌ करून उडी मारत असंल तर बेअरिंग गेलं. लोअर आर्मच्या (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशला पहार लावून हलवा, चीर पडलेली दिसंल. शॉकपवर नुसतं धूळ धरलेलं तेलकट असंल तर चालतंय, ओघळ असंल तर गेला. कोपरा दाबून सोडला आनि गाडी एकदा वर येऊन थांबली न्हाई तरी गेला. पर थांबली म्हणून चांगला हाय असं न्हवं. दाबून बघण्यात फकस्त पार मेलेलाच सापडतो.

आनि ह्ये ध्यानात ठेवा, निम्मे मिस्त्री हितंच चुकत्यात. आर्मचा बुशचा बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचा आवळायचा न्हाई. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन गाडीवर, मग आवळायचा. रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतंय. लटकता आवळला की गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळून बसतंय आनि चार-सा महिन्यात फाटतंय. मग म्हणायचं लोकल बुश टिकत न्हाईत.

शिरोली_भट्टी

फिटरकाकांच्या पोस्टला माझ्या वरच्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा जास्त किंमत द्या.

बालिंगा_पूल

काका, शॉकप मागचे एकदा बदललेत, पुढचे बहुतेक मूळचेच. बुशचं कुणाला आठवत नाही, म्हणजे मूळचेच धरा. यावर एकजण म्हणाला नवीन कशाला, शॉकप उघडून जाड तेल भरून देतो, निम्म्या पैशात दुप्पट कडक.

अनुस्कुरा

जाड तेलाच्या नादी लागू नका. शॉकअपचं बळ येतं आतल्या व्हॉल्व्हच्या पातळ चकत्यांतून. तेल जाड केलं की संथ डुलणं आणि खड्ड्याचा फटका, दोन्हीकडं सारखाच अडथळा वाढतो. तुम्हाला पहिलं हवंय, दुसरं नकोय. घाटात तेल तापलं की ते पुन्हा पातळ. आणि उघडून बंद केलेल्या शॉकअपची डावी-उजवी जोडी कधी जुळत नाही.

शॉकअप गाडी उचलून धरत नाही, तो फक्त हालचालीला विरोध करतो. म्हणून उंची न हलवता गाडी आवरायची असेल तर पहिला खर्च तिथं. परदेशी यादी बघितलीत तर हा फरक स्पष्ट दिसतो. बिल्स्टाइन या ब्रँडचा बी६ शॉकअप गाडीच्या मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी, बी८ आखूड स्प्रिंगसाठी. कोनीच्या पिवळ्या शॉकअपमध्ये परतीचा जोर (दबलेली स्प्रिंग परत उसळताना होणारा विरोध) हातानं कमी-जास्त करता येतो. एस्टीमला यातलं काही शोधत बसा असं म्हणत नाही, चांगल्या भारतीय कंपनीचे नवे गॅसवाले घ्या. घाटातला निम्मा त्रास तिथंच संपेल असं माझं मत.

शिरोली_भट्टी

एक पुरवणी. शॉकअप उंची धरत नाही हे तेलाच्या शॉकअपला पूर्ण खरं. गॅसवाल्यात आतला दाब रॉडला बाहेर ढकलत असतो. रॉड २० मिमीचा आणि दाब ५ बार धरला तर सुमारे १६ किलोचा रेटा वरच्या दिशेनं. २ किलो प्रति मिमीच्या स्प्रिंगवर ८ मिमी उंची वाढली. कुणी नवे शॉकअप टाकून 'गाडी उंच झाली' म्हटलं तर हसू नका.

आणि प्रमाण राखा. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर शॉकअपचा जोर त्याच्या वर्गमुळाच्या हिशेबानं, म्हणजे १४ टक्के वाढायला हवा. कडक स्प्रिंग आणि थकलेला शॉकअप ही जोडी मऊ गाडीपेक्षा वाईट.

राजारामपुरी_नववी_गल्ली

मस्करी बाजूला. माझ्या गाडीला मी फक्त टायर बदलले आणि अर्धं डुलणं गेलं. १७५/७० आर १३ होते, १८५/६० आर १४ घातले. बाहेरचा व्यास जवळपास तोच.

अनुस्कुरा

हिशेब बरोबर आहे. पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिम इंचांत. पहिला ५७५ मिमी, दुसरा ५७८. गाडीची उंची मिलिमीटरभर बदलली. टायरची भिंत मात्र १२२ वरून १११ वर आली. स्टेअरिंग फिरवल्यावर टायर कमी लवतो, उत्तर लगेच मिळतं. पण कुशीवर झोपणं टायरनं कमी होत नाही, तुम्हाला ते कमी *जाणवतं*. आणि राधानगरीच्या आतल्या रस्त्यांना त्या ११ मिमीचं मोल तुमच्या रिमला विचारा.

बालिंगा_पूल

मग खरोखर झोपणं कशानं कमी होईल?

अनुस्कुरा

अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी. दोन्ही चाकं एकत्र वर-खाली झाली तर बार नुसता फिरतो, काही करत नाही. एक चाक वर आणि एक खाली झालं की पिळला जातो आणि विरोध करतो. गाडीचं वजन तो उचलतच नाही, त्यामुळं उंचीशी त्याचा संबंध नाही. तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर हेच आहे आणि अजून कुणी लिहिलं नाही याचं नवल वाटतं. इथंही चौथा घात: २० मिमीचा बार २२ चा केला की ४६ टक्के जादा. आधी असलेल्या बारचे बुश आणि लिंक (बारचं टोक चाकाकडच्या भागाला जोडणारा छोटा दांडा) तपासा. लिंक सैल असेल तर पहिल्या काही अंशांत बार कामच करत नाही. बुश बदलून दोनशे-चारशे रुपयांत काम झालं तर जाड बार कशाला?

उद्यमनगर_फिटर

बार मान्य. पर मागं जाड बार बसवू नका ताई. पुडच्या चाकावर चालणारी गाडी, करूळ घाटात पावसात, उतारावर वळणात ॲक्सिलेटर सोडला की मागचं ढुंगण बाहेर. गगनबावड्याचा पाऊस काय असतो आपल्याला ठावं हाय.

अनुस्कुरा

काका, मागं जाड बार टाका असं मी म्हटलं नाही. पण फक्त पुढं टाकला तर वळणात पुढचं आतलं चाक हलकं होतं, चढावर फुकट फिरतं आणि गाडी सरळ बाहेर जायला बघते. थोडा मागं, थोडा पुढं, हेच बरं.

उद्यमनगर_फिटर

आवो घरच्या गाडीला सरळ गेलेलं परवडलं. सरळ जाताना मानूस ब्रेक मारतो. मागचं फिरलं की नवशिक्याला कळत न्हाई काय करायचं.

अनुस्कुरा

एवढं मान्य. तरी मी कोरड्या रस्त्याला मागचा बार असलेली गाडीच पसंत करेन.

शिरोली_भट्टी

दोघांच्या भांडणात आणखी एक मुद्दा. बार दोन चाकं बांधतो. एकाच चाकाखाली खड्डा आला की दुसऱ्या चाकालाही हिसका बसतो आणि माणसांची डोकी डावी-उजवी हलतात. चाकोऱ्यांच्या रस्त्यावर जाड बारचा वीट येतो. म्हणून बारमध्ये थोडं, स्प्रिंगमध्ये थोडं, असं वाटून घ्यावं.

स्प्रिंगबाबत दुसरी मोजपट्टी: गाडी एका सेकंदात किती वेळा डुलते. १२५ मिमी दबलेली स्प्रिंग सेकंदाला सुमारे १.४ वेळा, ९६ मिमी दबलेली १.६ वेळा. साध्या घरगुती गाड्या १ ते १.५ च्या दरम्यान असतात. १.६ च्या वर गेलात की आईवडील मागच्या सीटवर बसायला नाही म्हणतील. आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जलद ठेवायची, कारण खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो. मागचं चाक उशिरा सुरू होऊन पुढच्याला गाठतं आणि गाडी लवकर सपाट होते. १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी हे मांडलं, आजही तेच चालतं. एकट्या पुढच्या स्प्रिंग कडक करून मागच्या जुन्याच ठेवणाऱ्यांनी हे वाचावं.

गंगावेश_पद्मिनी

मधेच घुसतो. माझी प्रीमियर पद्मिनी आहे, मागं कमानपाटे. तिथं काय करायचं? पाटेवाला म्हणतो एक पाटा वाढवतो.

उद्यमनगर_फिटर

पाटा वाढवला की कडक बी होतंय आनि उंच बी. उंची तीच पायजे असंल तर पाटा वाढवून कमान उतरवून घ्यायची. पर पाटेवाल्याला आदी मोजून दाखवायचं आनि परत आल्यावर मोजून घ्यायचं. गंजलेल्या पाट्यांच्या मधली धूळ काडून ग्रीस लावलं तरी निम्मा खडखडाट जातोय. गंजानं पाटे एकमेकाला धरून बसत्यात, त्याला लोक कडकपणा म्हणत्यात.

कसबा_बावडा_वाचक

आरटीओला काही अडचण येईल का? पुढचं रीपासिंग येणारच आहे.

अनुस्कुरा

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल चालत नाही. मूळ उंचीच्या, मूळ जागी बसणाऱ्या स्प्रिंग, बुश, शॉकअप ही दुरुस्ती आहे. कापलेली स्प्रिंग तपासणीला घेऊन जाल तर तुमचं तुम्ही बघा. जादा बार बसवण्याआधी मात्र विमा कंपनीला लेखी विचारा.

बालिंगा_पूल

मोजमाप घेतलं. शिरोली भट्टींनी निरोपात सांगितल्याप्रमाणं जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत, म्हणजे टायर आणि हवेचा घोळ नको. सपाट फरशी, निम्मी टाकी, गाडी रिकामी. पुढं डावी ३६२, उजवी ३५१. मागं डावी ३४८, उजवी ३४६ मिमी.

शिरोली_भट्टी

पुढं ११ मिमीचा फरक. उजवीकडं ड्रायव्हर बसतो, एवढ्या वर्षांत ती स्प्रिंग बसली असणं स्वाभाविक आहे. पण आधी बारची एक लिंक सोडून पुन्हा मोजा. वाकडा बार किंवा चुकीच्या लांबीची लिंक गाडी एका बाजूला ओढून धरते. लिंक सोडूनही फरक राहिला तर स्प्रिंगच.

आणि आता तुमच्या मूळ प्रश्नातच गोम निघाली. 'कंपनीची उंची' म्हणजे कोणती? आजची की २००३ ची? आजच्या उंचीला धरून आखूड स्प्रिंग बनवून घेतलीत तर थकलेल्या गाडीची नक्कल पक्की होईल.

बालिंगा_पूल

लिंक सोडली. फरक ९ वर आला, म्हणजे स्प्रिंगच. ठरवलं: आधी कंपनीच्याच नव्या स्प्रिंग चारही, पुढचे स्ट्रट (स्प्रिंगच्या आत बसणारे शॉकअप), मौंटिंग, आर्मचे बुश, बारचे बुश.

*(काही आठवड्यांनी)*

काम झालं. फिटरकाका म्हणाले तसे बोल्ट गाडी उतरवून आवळायला लावले. मिस्त्री वैतागला, पण केलं त्यानं. अलायनमेंट केलं. आता पुढं डावी ३७२, उजवी ३७०. मागं ३६३ आणि ३६१. म्हणजे गाडी आधीच एक ते दोन सेंटिमीटर खाली बसली होती आणि मी उंची राखायची म्हणत होतो! गावच्या उंचवट्याला तळ घासायचा बंद. कागलच्या पुलावरची ती दुसरी उडीही गेली. कळ्याच्या पुढं अजून थोडी झोपते, पण वळायला थांबत नाही.

उरलेल्यासाठी स्प्रिंग बनवून घेऊ का बार?

शिरोली_भट्टी

घाई नको. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, महिनाभर चालवून पुन्हा मोजा. तरी हवं असेल तर ११ ची तार ११.५ कराल इतपतच वाढ घ्या. आतला व्यास तोच ठेवला तर सरासरी व्यास किंचित वाढून एखादा टक्का परत जातो, सांगण्यापुरतं. वरच्या उदाहरणात स्प्रिंग १०५ मिमी दबेल, मोकळी लांबी २० मिमी कमी धरायची. मागच्या स्प्रिंग आर्मवर आत बसणाऱ्या असतील तर चाकाची हालचाल आणि स्प्रिंगची हालचाल सारखी नसते. तिथं चाक ५० मिमी उचलून स्प्रिंग किती दबते ते मोजून मगच आकडे द्या.

ऑर्डर देताना 'थोडी कडक द्या' म्हणू नका. बसवलेल्या लांबीला अमुक किलो भार, असं लिहून द्या. सोबत तारेची जाडी, आतला व्यास, वेढ्यांची दिशा, टोकांचा आकार आणि पूर्ण दबल्यावरची लांबी. मटेरियल क्रोम-व्हॅनेडियम किंवा सिलिकॉनचं स्प्रिंग स्टील, आणि दोन गोष्टी विचाराच: शॉट पीनिंग आणि स्क्रॅगिंग. आपल्या एमआयडीसीत शॉट ब्लास्टिंग दर दुसऱ्या फाउंड्रीत आहे, पण ते कास्टिंग साफ करायला. पीनिंगमध्ये गोळ्यांचा मारा मोजून द्यायचा असतो, त्यानं पृष्ठभागावर दाबाचा ताण बसतो आणि तार थकून लवकर तुटत नाही. 'आम्ही ब्लास्ट मारून देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करा. स्क्रॅगिंग म्हणजे बनवल्यावर पूर्ण दाबून घेणं, म्हणजे जे बसायचं ते कारखान्यातच बसतं.

अनुस्कुरा

मी अजूनही बारच म्हणेन. आणि तो पावसाळ्याच्या आधी नको, नंतर बसवा. कोरड्यात सवय करून घ्या.

उद्यमनगर_फिटर

पुडचा.

अनुस्कुरा

बरं, आधी पुढचा.

राजारामपुरी_नववी_गल्ली

बालिंगा, जुन्या स्प्रिंग टाकून देऊ नको. त्यातली डावी पुढची माझ्या मित्राच्या एस्टीमला चालंल का?

उद्यमनगर_फिटर

एकटी न्हाई चालत. जोडी घे न्हाईतर भंगारात घाल.